तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: नाताळची गिफ्ट्स आणि खिशाचा अंदाज

डिसेंबर जवळ आला की या सदराकडे येणारे प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, मुलांना नाताळला काय द्यायचं आणि त्यासाठी पैसे कुठून काढायचे. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्यावरचेच घेतलेत.

प्रश्न: ताई, आम्हाला तीन मुलं, वयं 2, 7 आणि 13. दरवर्षी ठरवतो की तिघांवर सारखेच पैसे खर्च करायचे. पण मोठ्याचा एक हेडफोन घेतला की त्याचा वाटा संपतो आणि तेवढ्याच पैशात धाकटीची ढीगभर खेळणी येतात, मग सकाळी मोठा तोंड पाडून बसतो. समान न्याय करायचा तरी कसा?

सारखे पैसे हा हिशोब तुमच्या डोक्यात आहे हो, मुलांच्या डोक्यात नाहीये. लहान मूल खोकी मोजतं. सातव्या वर्षी ते स्वतःची खोकी मोजून झाली की भावाची पण मोजतं, आणि तेराव्या वर्षी मात्र किंमत कळायला लागते, नेटवर बघून आलेलं असतं सगळं. त्यामुळे तिघांना उघडायला मिळणारी खोकी साधारण सारखी ठेवा आणि पैसे कमीजास्त होऊ द्या. मोठ्याच्या हेडफोनसोबत दोन स्वस्तातल्या गोष्टी, मोजे म्हणा, त्याच्या आवडीचं एखादं पुस्तक म्हणा, वेगवेगळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या तरी त्याचा ढीग लहान दिसत नाही. आणि त्याला आधीच सांगून ठेवा की बाबा, तुझं एक मोठं आहे म्हणून बाकीची छोटी आहेत. तेरा वर्षांच्या मुलाला हे व्यवस्थित समजतं, आपणच त्याला सांगायचं टाळतो.

धाकटीवर तर फार खर्च करूच नका. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा 4 खेळणी देऊन आणि एकदा 16 खेळणी देऊन बघितलं होतं, 4 च खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त वेगवेगळ्या तऱ्हांनी खेळली. दोन वर्षांच्या मुलीला मागच्या वर्षी काय मिळालं होतं ते आठवत नसतं, आठवतं ते तुम्हाला आणि फोटोंना. तिचा वाटा निम्म्यावर आणलात तर तिला पत्ता लागणार नाही, आणि उरलेले पैसे मोठ्याच्या हेडफोनला लागतीलच. एक बघून घ्या फक्त, मोठ्यांच्या वस्तूंमध्ये बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात, त्या बाळाच्या हाती लागू देऊ नका. गिळली गेली तर दोन तासांत सुद्धा अन्ननलिका भाजू शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तरच घ्या, भले ते थोडं महाग पडू दे.

प्रश्न: माझ्या मुलीने सांताला पत्र लिहिलंय, त्यात 23 वस्तू आहेत, सगळ्यात वर गेमिंग कन्सोल आणि सगळ्यात खाली "आणि एक कुत्रा, खरा". आम्ही आधी यादी बघतो आणि मग बजेट ठरवतो, पण दरवेळी बजेट यादीच्या मागे धावत सुटतं. सांता सगळं देऊ शकतो असं तिला वाटतं, मग नाही कसं म्हणायचं?

कुत्र्याबद्दल मी काही बोलत नाही, तो दहाबारा वर्षांचा खर्च आहे.

बाकी गडबड कुठे होतेय ते तुम्हीच लिहिलंय बघा, यादी आधी आणि आकडा नंतर. उलट करा. पगारातून घरभाडं, किराणा, हप्ते, शाळेची फी हे सगळं गेल्यावर डिसेंबरपर्यंत जेवढं खरंच उरतं त्यातून एक आकडा काढा, कागदावर लिहा, आणि मगच ते पत्र उघडा. त्या आकड्यातले शंभरातले दहा भाग लगेच बाजूला काढून ठेवा, कारण बॅटऱ्या, डिलिव्हरी, कागद, ऐनवेळी आठवलेली शेजारची दोन मुलं, हे कुणीच धरत नाही आणि दरवर्षी हेच नडतं.

मग मुलीला विचारा, यातली एकच गोष्ट आली तर कुठली हवी? उत्तर आलं की विषय सोडून द्या आणि पंधरा दिवसांनी परत सहज विचारा. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तर ती तिची खरी मागणी. बाकीच्या बऱ्याच गोष्टी जाहिरात बघून यादीत चढलेल्या असतात आणि जाहिरात बदलली की उतरतात.

कन्सोलच निघालं तर मात्र नीट हिशोब करा, कारण खोक्यावरची किंमत ही फक्त सुरुवात आहे. दुसरा कंट्रोलर लागतो, गेम वेगळे घ्यावे लागतात, ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक ठिकाणी दर महिन्याचं किंवा वर्षाचं सबस्क्रिप्शन, आणि फुकट म्हणून डाउनलोड केलेल्या गेममध्ये सुद्धा आत पैसे मागणारी दुकानं असतात. तुमचं कार्ड त्या अकाउंटला जोडलेलं ठेवू नका आणि खरेदीला पासवर्ड लावा, नाहीतर नाताळचं बिल मार्चपर्यंत येत राहतं. हे सगळं धरून आकड्यात बसत असेल तर घ्या, नसेल तर यावर्षी नाही.

आणि सांताचं म्हणाल तर महागाचं गिफ्ट त्याच्या नावावर टाकूच नका. सांताकडून छोटं, मोठं आईबाबांकडून. एकतर "सांताला तर पैसे लागत नाहीत ना" हा वाद मिटतो, आणि दुसरं म्हणजे वर्गातल्या ज्या मुलाला सांताने रंगांची पेटी दिली त्याला हिच्या कन्सोलची गोष्ट ऐकून आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत नाही. मला विचाराल तर हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे.

प्रश्न: नाताळपर्यंत हातात दोनच पगार यायचेत आणि बचत शून्य. यावर्षी सगळं क्रेडिट कार्डवर घेऊन पुढच्या वर्षभरात फेडलं तर चालेल का? नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ते, पण दिसतोय सगळीकडे.

चालत नाही हो. समजा कार्डचं व्याज महिना 3 टक्के आहे, ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाचं 42 टक्क्यांच्या वर जातं. 100 ची खरेदी बारा सारख्या हप्त्यांत फेडली तर साधारण 120 भरावे लागतात, म्हणजे पाच गिफ्ट्स मुलांना आणि सहावं बँकेला. आणि फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी कमीत कमी रक्कम, भरत राहिलात तर विचारूच नका, तो बाकीच्या 5 टक्के असेल तर शंभराच्या बाकीवर भरलेल्या पाचातले तीन व्याजात जातात आणि मुद्दल दोननेच कमी होतं. वर बऱ्याच कार्डांवर बाकी ठेवली की नवीन खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, मग किराणा सुद्धा महाग.

नो कॉस्ट ईएमआय घेण्याआधी दोन गोष्टी बघा, तीच वस्तू एकरकमी घेतली तर डिस्काउंट मिळतोय का, आणि प्रोसेसिंग फी किती आहे. दोन्ही बेरजेत धरल्यावर खरंच शून्य येत असेल आणि पुढच्या नाताळच्या आधीच हप्ते संपणार असतील तर ठीक.

तुमच्याकडे दोन पगार आहेत ना, त्यातून जेवढं निघेल तेवढ्यातच बसवा. थोडीच गिफ्ट्स येतील, येऊ देत. आणि जानेवारीच्या पगारापासून यावर्षीच्या खर्चाचा बारावा भाग वेगळ्या खात्यात टाकायला लागा, पगार झाला त्याच दिवशी, महिनाअखेरीला उरलं तर टाकू असं नाही, कारण उरत नाही.

प्रश्न: आम्ही कितीही आवरलं तरी आजी-आजोबा, मामा, आत्या मिळून घर भरून टाकतात. निम्मं तर मुलं हातात पण घेत नाहीत. त्यांना न दुखावता कसं सांगू?

1993 साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने नेमकं यावरच लिहिलं होतं. कॉलेजच्या मुलांना त्याने विचारलं की भावनेचा भाग सोडला तर या गिफ्टची तुमच्या लेखी किंमत किती, आणि दिलेल्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातोय असा त्याचा अंदाज निघाला. सगळ्यात जास्त गळती आजी-आजोबा आणि काका-मामांच्या गिफ्टमध्ये होती, मित्रांच्या गिफ्टमध्ये कमी. साहजिक आहे, जो रोज बघतो त्याला माहीत असतं.

पण हे आकडे आजीला वाचून दाखवू नका, प्लीज. तिला "काही आणू नका" म्हटलेलं लागतं. त्यापेक्षा नोव्हेंबरातच फोन करून काम द्या: "आई, यावर्षी त्याला सायकल घ्यायचीय, तुम्ही, मामा आणि आत्या मिळून द्याल का? हेल्मेटचं आम्ही बघतो." तिघांचं मिळून एक मोठं गिफ्ट येतं, तुमच्या बजेटवरचा एक मोठा बोजा उतरतो आणि सायकलवर बसलेला नातू बघायला आजीला पण आवडतं. तरी सोबत एक छोटंसं खेळणं येणारच, ते येऊ द्या.

प्रश्न: नाताळनंतर सेल लागतात, तेव्हाच पुढच्या वर्षीची गिफ्ट्स घेऊन ठेवावी का?

कागद, रिबिनी, झाडावरचे दिवे घ्या खुशाल. खेळणी नको. आज डायनासोरशिवाय न झोपणारं मूल पुढच्या डिसेंबरात फुटबॉलमध्ये असतं, परत करायची मुदत तोवर कधीच संपलेली असते, आणि कपाटात लपवलेलं खोकं आपण स्वतःच विसरून तेच परत विकत घेतो. कपडे घ्यायचेच असतील तर दोन साइज मोठे घ्या.