भाऊ सिक्युअर वॉर्डमध्ये आहे आणि आम्हाला कुणी काही सांगत नाही

प्रश्न : ताई, नाव छापू नका प्लीज. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, मागच्या वर्षी त्याने गोळ्या सोडल्या आणि एका रात्री आईवरच चाकू घेऊन धावला, आई थोडक्यात वाचली. कोर्टाने जेलऐवजी हॉस्पिटलला पाठवलं, मेंटल हेल्थ ॲक्टचं सेक्शन ३७/४१, मीडियम सिक्युअर, म्हणजे मध्यम बंदोबस्ताचा वॉर्ड. वॉर्डला फोन केला की एकच उत्तर, त्याची परमिशन नाही, सांगता येणार नाही. आई म्हणते मला भेटायचंय, माझ्या हातचं काहीतरी खाऊ घालायचंय. सांगलीला सगळ्यांना सांगितलंय की तो नोकरीसाठी स्कॉटलंडला गेलाय. कधी सुटेल ते तरी कळू दे.

उत्तर : आधी सुटण्याचं बोलू, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय. ३७/४१ ला तारीखच नसते गं, म्हणून कुणी सांगत नाहीये. ३७ म्हणजे शिक्षेऐवजी उपचार, आणि ४१ म्हणजे त्यावर जादाचं बंधन, डॉक्टरला कितीही वाटलं तरी आवाराबाहेर सोडायला मिनिस्ट्री ऑफ जस्टिसची परवानगी लागते, डिस्चार्जही डॉक्टर एकटा देऊ शकत नाही. ऑर्डरला सहा महिने झाले की भाऊ स्वतः ट्रायब्युनलकडे, म्हणजे पेशंटला सोडायचं का हे ठरवणाऱ्या स्वतंत्र न्यायमंडळाकडे, अर्ज करू शकतो, पुढे वर्षातून एकदा, आणि त्यासाठी वकील फुकट मिळतो. कुणी सांगेल की आईने 'निअरेस्ट रिलेटिव्ह', म्हणजे कायद्याने धरलेली सगळ्यात जवळची नातेवाईक, म्हणून अर्ज करावा, तर ४१ असलेल्या पेशंटला ती सोय नाही, त्यात वेळ घालवू नकोस.

आता परमिशनचं. त्याने नाही म्हटलं तर त्याची माहिती ते देणार नाहीत, ठीक आहे, पण तुझं ऐकून घ्यायला त्यांना काहीच आडकाठी नाही, आणि हे निम्म्या घरांना माहीतच नसतं. आजार कसा सुरू झाला, गोळ्या सोडल्या की आधी काय बदलतं, झोप जाते की अंघोळ बंद होते, तो मराठीत काय पुटपुटायचा, हे तुझ्याइतकं कुणाला माहितीये? पत्र लिही, वॉर्डच्या सोशल वर्करच्या नावाने पाठव, फाइलला लावा म्हणून सांग. त्यातलं भावाला कळू नये असं काही असेल तर तेही स्पष्ट लिही. शिवाय स्किझोफ्रेनिया म्हणजे काय, वॉर्डचे नियम काय, भेटीच्या वेळा काय, ही सर्वसाधारण माहिती द्यायला त्याची परमिशन लागत नाही. आणि आज नाही म्हणाला म्हणून कायमचं नाही असं नसतं, मधूनमधून त्याला पुन्हा विचारा असं टीमला सांगत राहा.

आईचं प्रकरण मात्र नाजूक आहे. ती त्याची आई आहे आणि कागदोपत्री त्याची व्हिक्टिमही आहे. त्यामुळे भेट लगेच होणार नाही, आधी टीम दोघांशी बोलेल, आणि हे आईच्याच भल्याचं आहे. तिला व्हिक्टिम काँटॅक्ट स्कीममध्येही नाव घालता येतं, म्हणजे सुटकेसारख्या मोठ्या गोष्टी तिला कळवल्या जातात आणि अटींबद्दल तिचं म्हणणं मांडता येतं. आईला 'व्हिक्टिम' म्हटलेलं आवडणार नाही, रडेलसुद्धा, पण हा दरवाजा बंद करू नका. इंग्रजीत अडत असेल तर मीटिंगला दुभाष्या मागा, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि तू दुभाषी बनू नकोस, तुला तिथे बहीण म्हणून बसायचंय.

खाण्याचं म्हणशील तर घरचा डबा बहुतेक ठिकाणी आत जात नाही, सीलबंद पाकीट चालू शकतं, आधी फोन करून विचारा. मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, झडती होते, आयडी लागतो. पहिल्यांदा अपमान वाटतो, पण ते सगळ्यांनाच असतं.

आणि स्कॉटलंड. कुणाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण उद्या पगार विचारतील, परवा स्थळ आणतील, तेव्हा अजून किती रचणार? 'बरं नाहीये, हॉस्पिटलात आहे' एवढं बोलून गप्प बसलं तरी चालतं. सांगलीचं राहू दे, निदान इथे एका माणसाला तरी खरं सांग. हॉस्पिटलमध्ये केअरर्सचा, म्हणजे आजारी माणसाला सांभाळणाऱ्या घरच्यांचा, ग्रुप आहे का विचार, रिथिंकसारख्या मानसिक आजारासाठी काम करणाऱ्या संस्थांचेही ग्रुप असतात. आणि कौन्सिलकडे केअरर्स असेसमेंट, म्हणजे तुला काय मदत लागते याची पाहणी, माग, केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे मानसिक आधार देणं हीसुद्धा 'केअर' धरतात, तो घरी नाही म्हणून तू केअरर नाहीस असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

प्रश्न : नवरा तीन आठवडे सिक्युअर युनिटमध्ये आहे. त्याचा पीआयपी (आजारपणामुळे मिळणारा सरकारी भत्ता) आणि माझा केअरर्स अलाउन्स (त्याला सांभाळते म्हणून मिळणारा भत्ता) चालू राहील का? (बर्मिंगहॅम)

उत्तर : हॉस्पिटलमध्ये २८ दिवस झाले की पीआयपीचे पैसे थांबतात, आणि त्याच्यामागोमाग तुमचा अलाउन्सही. डीडब्ल्यूपीला, म्हणजे भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याला, आजच कळवा, नाहीतर जादा आलेले पैसे नंतर परत मागतात. भेटीच्या प्रवासखर्चाला काही हॉस्पिटलं मदत करतात, पण ते आपणहून सांगत नाहीत, वॉर्डच्या सोशल वर्करला विचारावं लागतं. तिकिटं जपून ठेवा.