कुंडीतले प्रश्न : कोलियसची थंडी

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं कोलियसचीच आहेत. रात्री गार होऊ लागल्या की रंगीबेरंगी पानांचं हे झाड सगळ्यात आधी कुरकुरतं. म्हणून या अंकातली सगळी जागा त्यालाच देते.

प्रश्न : ताई, माझा कोलियस दोन वर्षांचा आहे, कमरेला लागेल एवढा. पानं गर्द मरून, कडेला पोपटी पट्टी. परवा सकाळी पाहिलं तर पानं लोंबलेली आणि मधे मधे काळपट. भरपूर पाणी घातलं, तरी उभी राहिली नाहीत. अख्खी कुंडी घरात घेऊ का? जागा एका खिडकीपुरतीच आहे.

उत्तर : आधी पाणी थांबवा. ही तहान नाही, गारठा आहे. दोन्हींत पानं लोंबतात, म्हणून फसायला होतं. तहानलेलं पान मलूल होतं, पण त्याचा रंग शाबूत राहतो आणि पाणी मिळालं की तासा-दोन तासांत ते सावरतं. गारठलेल्या पानावर उकडलेल्या पालकासारखे ओले, काळपट डाग पडतात आणि ते पान पुन्हा कधीच उभं राहत नाही. गार माती ओली राहिली तर मुळं कुजतात, म्हणजे वरून गारठा आणि खालून कूज.

कोलियस मूळचा उष्ण प्रदेशातला. पारा १३ अंश सेल्सियसच्या खाली गेला की त्याची वाढ थांबते, १० च्या खाली पानं दुखावतात आणि पाणी गोठवणारी एक रात्र अख्खं झाड घेऊन जाते. म्हणून रात्रीचं तापमान १३ च्या आसपास आलं की हलायचं. पानं काळी पडायची वाट बघू नका.

आता कुंडी घरात घेण्याबद्दल. घेऊ नका. मला आत्याने दिलेला एक कोलियस होता, तुमच्यासारखाच मरून. पहिल्या थंडीत तो मोठ्या कौतुकाने उचलून खिडकीत ठेवला. एवढ्या पानांना पुरेल इतका उजेड खिडकीत नव्हता. खालून एकेक जोडी गळत गेली आणि थंडी सरली तेव्हा कुंडीत उरल्या उघड्या काटक्या, त्याही पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीने पांढऱ्या झालेल्या. झाड गेलं. शेजारच्या वहिनींना मी त्याची एक फांदी दिली होती, म्हणून तो वाण आज माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी मोठं झाड कधीच आत घेत नाही, फक्त त्याचे शेंडे घेते.

तुमच्या झाडाचे वरचे शेंडे अजून चांगले असतील, तर आजच ५-६ कापा. शेंडा ८ ते १० सेंटिमीटरचा, फुलाचा तुरा नसलेला हवा. कोलियसचं खोड चौकोनी असतं, बोटांत फिरवलंत तर चारही कडा लागतात, आणि पानांच्या जोड्या जिथे फुटतात ती पेरंही हाताला कळतात. पेराच्या बरोबर खाली स्वच्छ ब्लेडने काप घ्या. खालच्या दोन जोड्या काढून टाका. वरची पानं फार मोठी असतील तर अर्धी कापली तरी चालतात, त्यांतून उडणारं पाणी कमी होतं. मग काचेच्या पेल्यात पाणी घेऊन पेरं बुडतील आणि पानं कोरडी राहतील असे शेंडे ठेवा. पाणी दर दोन दिवसांनी बदला. चार-पाच दिवसांत पेराशी पांढरे बारीक फुगवटे दिसतात, आठवडा-दीड आठवड्यात मुळं सुटतात. मुळं २-३ सेंटिमीटरची झाली की लगेच मातीत लावा. पाण्यातली मुळं लांब होऊ दिली तर ठिसूळ होतात, लावताना तुटतात.

कुंडी लहानच घ्या, ७-८ सेंटिमीटरची, तळाला भोक असलेली. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती थंडीत वाळतच नाही. वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी द्या, खत अजिबात नको. खिडकी सगळ्यात उजेडाची निवडा, पण पान काचेला टेकू देऊ नका. रात्री काच गार पडते आणि टेकलेल्या जागी पान काळं होतं.

प्रश्न : कोलियस घरात आणून तीन आठवडे झाले. पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय, पानं चिकट झालीत, खालच्या फरशीवरही चिकट ठिपके आहेत. साबणाचं पाणी दोनदा फवारलं. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता शेजारच्या मनी प्लांटवरही तसंच दिसतंय.

उत्तर : हा पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट्याच्या रूपात बाहेर टाकतो. त्या चिकट्यावर पुढे काळी बुरशी, म्हणजे काजळी धरते आणि मुंग्याही येतात.

साबण का पुरला नाही ते सांगते. या किडीच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि अंडी कापसासारख्या पुंजक्यात गुंडाळलेली असतात. वरून मारलेलं पाणी त्यांवरून ओघळून जातं. शिवाय ती बसते पानाच्या देठाच्या बगलेत, जिथे फवारा नीट पोचत नाही. म्हणून आधी हाताने काम करायला हवं. कानात घालायची कापसाची काडी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि प्रत्येक पुंजक्याला टेकवा. मेण विरघळतं आणि पांढऱ्याखालची कीड उघडी पडते. भिंग घेऊन बसा, एका झाडाला अर्धा तास लागला तरी लागू द्या. कोलियसचं पान पातळ असतं, म्हणून आधी एकाच पानाला लावून दोन दिवस बघा, डाग पडला नाही तरच पुढे जा.

त्यानंतर साबण. एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर सौम्य द्रव साबण घ्या, कपड्याची पावडर नको. पानांच्या खालून आणि बगलांत, संध्याकाळी फवारा. दर सात दिवसांनी, निदान चार वेळा. दोनदा मारून थांबलात म्हणूनच ती परत आली. अंड्यांतून निघणारी फिकट पिवळी पिल्लं टप्प्याटप्प्याने येत राहतात, त्यांना प्रत्येक वेळी गाठावं लागतं.

आजच दोन्ही झाडं बाकीच्या कुंड्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवा. एकदा कोलियस कुंडीतून अलगद काढून मातीचा गोळाही बघा. मुळांवर किंवा कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी लोकर दिसली, तर झाड वाचवण्यात वेळ घालवू नका. निरोगी दिसणारा एखादा शेंडा धुऊन पाण्यात ठेवा, बाकी झाड आणि माती टाकून द्या. मन होत नाही, मला माहीत आहे. पण एका झाडापायी खिडकीतली सगळी झाडं जाताना मी पाहिली आहेत.

हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही अगदी बारीक कीडही येते. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले तर पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर तोच. पानांची खालची बाजू दर आठवड्याला पाण्याने धुतली की तो आटोक्यात राहतो. पांढरी माशी झाड हलवताच भुर्रकन उडते, तिला पिवळे चिकट सापळे लावा. आणि पुढच्या वर्षी कापलेला प्रत्येक शेंडा घरात येण्याआधीच नळाखाली उलटा धरून धुवा.

प्रश्न : माझ्या एका कुंडीच्या पट्टीवर ‘कोलियस’ लिहिलंय, दुसरीवर ‘सोलेनोस्टेमॉन’. दोघांची थंडीतली काळजी वेगळी का?

उत्तर : पट्ट्यांवर पुढे ‘स्कुटेलॅरिऑइडिस’ हेच उपनाव असेल, तर झाड एकच, काळजीही एकच. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६३ साली त्याला तुळशीच्या प्रजातीत घातलं होतं, बेंथम या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३० साली कोलियसमध्ये आणलं. १९७५ साली ते सोलेनोस्टेमॉन झालं, २०१९ च्या फेरमांडणीत पुन्हा कोलियस. तुमची पट्टी मधल्या काळातली असावी.

प्रश्न : शेंडे सांभाळण्यापेक्षा बी धरून ठेवलं तर?

उत्तर : मिश्र रंगांची हौस असेल तर जरूर. बी मातीवर नुसतं भुरभुरा, झाकू नका, त्याला उजेड लागतो. २१ ते २४ अंशांत साधारण दोन आठवड्यांत उगवतं. पण आवडत्या झाडाचा हुबेहूब रंग बियातून येत नाही, त्यासाठी शेंडाच हवा. आणि तुरे वाढू दिले तर झाडाचा जोर त्यांतच जातो, म्हणून जे झाड थंडीपार न्यायचंय त्याचे तुरे दिसताक्षणी खुडा.

प्रश्न : घरात वाढवलेल्या रोपाचा रंग उतरलाय, पानं हिरवट आली आहेत. परत येईल का?

उत्तर : येईल. कमी उजेडात पानातलं लाल-जांभळं रंगद्रव्य कमी तयार होतं. आहेत त्या पानांवर डोळा ठेवू नका, नव्या पानांत रंग दिसेल. रात्री सलग १३ अंशांच्या वर राहू लागल्या की रोपं बाहेर काढा, पण आधी सावलीत तासभर, मग रोज थोडं जास्त, असं आठ-दहा दिवस. एकदम उन्हात ठेवलीत तर पानं भाजतात. बाहेर नेतानाच वरचा शेंडा खुडा, म्हणजे खालच्या पेरांतून फुटवे येतील. खुडलेला शेंडा पाण्यात ठेवा, त्यालाही मुळं फुटतात.