फिरायला गेल्यावर काढलेले निसर्गाचे फोटो किती एडिट करावेत?

तुम्ही लिहिलंय की सहलीतले डोंगर-दऱ्यांचे फोटो घरी येऊन बघितले की फिके वाटतात, आणि एडिट केले की खोटे वाटतात. मी व्यावसायिक फोटोग्राफर नाही. कोल्हापुरात नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा, दाजीपूर यापैकी कुठेतरी जातो. तुमच्यासारखाच हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे, म्हणून माझं कसं बदलत गेलं तेच सांगतो.

सुरुवातीला फोनवर स्नॅपसीड हे फोटो एडिट करायचं ॲप होतं. एचडीआर (उजेड-सावलीतले बारकावे उठून दाखवणारा इफेक्ट) लावायचा, सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. डोंगराच्या कडेने पांढरट किनार उमटायची, पण तेव्हा ती दिसायचीच नाही. कौतुक मात्र भरपूर व्हायचं.

गगनबावड्याकडे माझ्या मामांची शेती आहे. एका श्रावणात तिथल्या खाचरांचा फोटो काढला, रंग चढवले, मोठी प्रिंट काढून फ्रेम केली आणि गणपतीला त्यांच्याकडे घेऊन गेलो. मामांनी चष्मा लावला, फ्रेम दाराच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “लेका, हे भात न्हवं. आणि ऊस म्हणशील तर ऊसबी न्हवं. काय लावलंयस रं ह्यात?”

त्यांचं बरोबर होतं. पुढे भात आणि मागे ऊस होता, पण फोटोत दोन्हीचा हिरवा एकच झाला होता. खरं तर रोपलागण होऊन थोडे दिवस झालेलं भात पिवळसर, कोवळं हिरवं असतं, आणि पावसातला ऊस गडद, जरासा निळसर दिसतो. कुठल्या वाफ्याला खत कमी पडलंय हे शेतकरी बांधावरून नुसत्या रंगावर ओळखतो. ती सगळी माहिती मी एका स्लायडरने पुसून टाकली होती. त्या दिवसापासून माझं एडिटिंग बदललं.

आता सॅच्युरेशनला मी जवळजवळ हात लावत नाही. एडिटिंगच्या ॲपमध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर असतो, तिथे जातो. एक गोष्ट मला फार उशिरा कळली: फोटोतल्या गवताचा आणि भाताचा बराचसा रंग ‘ग्रीन’मध्ये नसून ‘यलो’मध्ये असतो. ग्रीन वाढवलं की रान प्लॅस्टिकचं दिसतं. त्यापेक्षा यलो थोडा हलवून बघा, भात आणि ऊस आपोआप वेगळे होतात. पठारावरचा जांभा दगड व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा एकूण कल, तपासायला चांगला. तो जांभळट दिसायला लागला की समजायचं, मॅजेन्टा (गुलाबी-जांभळी छटा) जास्त झालाय. संध्याकाळी ऑटो व्हाइट बॅलन्सवर विसंबू नका, तो सोनेरी उजेड धुऊन काढतो.

हे सगळं करायचं तर फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती तशीच ठेवणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये काढा. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. ढग थोडे जास्त उजळले असतील तर रॉमधून बऱ्याचदा परत आणता येतात, जेपेगमध्ये तिथे नुसता पांढरा डाग राहतो. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. डार्कटेबल फुकट आहे आणि आपल्या कामाला पुरेसं आहे.

धुक्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. करूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहून धुक्याचा फोटो काढायचा आणि घरी येऊन डीहेझ लावून ते धुकंच काढून टाकायचं, हे मी दोन पावसाळे केलं. दरी स्वच्छ दिसायची, पण खोली जायची. राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात निसर्गचित्रं बघत बसलो तेव्हा डोळे उघडले. लांबचा डोंगर फिका आणि निळसर ठेवला तरच तो लांबचा वाटतो, आणि चित्रकार हे मुद्दाम करतात. तेव्हापासून डीहेझ लावलाच तर फक्त पुढच्या झाडांवर, मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून. सावल्यांचंही तसंच, सगळ्या उजळ करू नका. घाटातली सावली काळी असते, ती काळी राहू द्या.

आणखी एक सवय लावून घेतलीय. फोटो काढला की तिथेच फोनमध्ये दोन ओळी लिहितो: “पाऊस नुकताच थांबलाय, भात पोपटी, ऊस काळसर, डोंगर दिसत नाही.” महिन्याभराने एडिट करायला बसलो की डोळ्यांना रंग आठवत नाहीत, तेव्हा या ओळी उपयोगी पडतात.

प्रिंट काढणार असाल तर आधी स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा, नाहीतर कागदावर फोटो काळपट येतो. मामांचा फोटो मी पुन्हा केला तेव्हा पहिल्या दोन प्रिंट याच कारणाने फुकट गेल्या. तिसरी त्यांच्या सोप्यात लावलीय.