ड्रायव्हर शोधणं थांबवा, आधी पोर्ट बदला

तुम्ही लिहिलंय की मुलीसाठी नवा यूएसबी हेडसेट घेतला, विंडोज १० च्या डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टात, म्हणजे यूएसबी लावायच्या खाचेत, लावला, तर कोपऱ्यात 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' आलं. मग शोधून शोधून तीन ठिकाणचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण कसं वापरायचं हे विंडोजला सांगणारे छोटे प्रोग्राम, टाकले, तरी आवाज नाही. दुकानदार म्हणतो, विंडोज १० बंद झालं म्हणून चालत नाही. आणि सोमवारपासून तिचं घरून काम सुरू होतंय.

दुकानदाराचं सोडून द्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट संपले हे खरं, पण त्यातले ड्रायव्हर काही कोणी काढून नेलेले नाहीत.

मुळात साध्या यूएसबी हेडसेटला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. 'यूएसबी ऑडिओ क्लास' नावाचं एक ठरलेलं मानक आहे, त्याची पहिली आवृत्ती १९९८ ची. हेडसेट जोडला की तो स्वतःच कळवतो, मी आवाजाचं उपकरण आहे, माझ्यात ऐकायचं हे आणि बोलायचं हे. ते कळलं की विंडोज आपल्याजवळचाच ड्रायव्हर त्याला लावतं. कंपनीच्या साईटवर जे मिळतं ते बहुतेक वेळा इक्वलायझर नाहीतर सराउंड आवाजासाठी असतं. कॉल घ्यायला त्याची गरज नाही.

तुमच्याकडे अडलंय ते याच्याही आधी. 'नॉट रेकग्नाइज्ड' म्हणजे हेडसेटने आपली ओळख सांगितलीच नाही, किंवा सांगितली ती अर्धवट पोचली. ओळख पटल्याशिवाय कुठला ड्रायव्हर लावायचा हे विंडोज ठरवणार कसं? म्हणून तीन काय, तीस ड्रायव्हर टाकलेत तरी फरक पडला नसता.

खात्री करून घ्या. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. यूएसबीच्या यादीत पिवळ्या खुणेसह 'अननोन यूएसबी डिव्हाइस' दिसेल, त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. ४३ असेल तर वायर, पोर्ट किंवा खुद्द हेडसेट, बहुतेक यांतलंच काहीतरी. २८ असेल तरच ड्रायव्हर खरोखर लागलेला नाही. १० म्हणजे ओळख पटली पण उपकरण सुरू होत नाही, तिथे चुकीचा ड्रायव्हर बसल्याची शक्यता धरा.

आता पोर्ट. डेस्कटॉपचे पुढचे पोर्ट एका बारीक वायरने मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डला) जोडलेले असतात, आणि ती वायर सैल होते. मागचे पोर्ट थेट बोर्डवर असतात. हेडसेट मागे लावा, मध्ये हब किंवा एक्स्टेंशन ठेवू नका. मुंबईत आणखी एक गोष्ट. आपली हवा दमट, समुद्र जवळ, त्यामुळे बरेच दिवस न वापरलेल्या पोर्टातल्या पट्ट्या काळवंडतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरला हेच झालं होतं. मी अख्खा शनिवार ड्रायव्हरमागे घालवला, आणि शेवटी मागच्या पोर्टाला लावताच पाच सेकंदांत आवाज आला. पुढचा पोर्ट नंतर मशीन बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने साफ केला, पूर्ण वाळू दिला, आणि तोही चालू झाला.

पोर्ट बदलण्याचा आणखी एक फायदा आहे. बऱ्याच हेडसेटमध्ये स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे विंडोज प्रत्येक पोर्टावर त्याची नव्याने नोंद करतं. जुन्या पोर्टावर बिघडलेली नोंद नव्या पोर्टावर आड येत नाही.

त्याआधी मशीन एकदा 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर साठवला जातो आणि सुरू करताना तोच परत येतो, बिघाडासकट.

तुम्ही उतरवलेले ते तीन ड्रायव्हर मात्र काढाच, याबाबतीत मी आग्रही आहे. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं जाहिराती घुसवणारं असतं, आणि याच मशीनवर मुलीचं ऑफिसचं काम होणार आहे. आधी ॲप्सच्या यादीतून ते अन्इन्स्टॉल करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'खाली 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा, फिकट दिसणाऱ्या हेडसेटच्या जुन्या नोंदी अन्इन्स्टॉल करा आणि त्यावेळी ड्रायव्हर सॉफ्टवेअर डिलीट करण्याच्या चौकोनात टिक करा. रीस्टार्ट, मग हेडसेट.

ओळख पटली पण आवाज स्पीकरमधूनच येतोय, असंही होतं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'mmsys.cpl' टाइप करा आणि एंटर दाबा, आवाजाच्या सेटिंगची खिडकी उघडेल. तिथे हेडसेटला 'डिफॉल्ट डिव्हाइस' आणि 'डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस' दोन्ही करा, प्लेबॅकमध्येही आणि रेकॉर्डिंगमध्येही. कॉलिंगची ॲप बहुधा दुसरं बघतात, आणि लोक फक्त पहिलं बदलतात. माइक तरीही मुका असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मायक्रोफोन, आणि तळाशी डेस्कटॉप ॲप्सना दिलेली परवानगी तपासा.

मागच्या पोर्टावरही ४३ च आला, तर शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला लावून बघा. तिथेही ओळख पटली नाही तर हेडसेटच खराब आहे, बिल घेऊन उद्याच बदलून घ्या. बदली घ्यायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जावं लागलं तर कुणाचा तरी लॅपटॉप सोबत न्या आणि माइकवर बोलून, रेकॉर्ड करून, ऐकूनच निघा.

मुलीला ऑफिसकडून लॅपटॉप मिळणार असेल तर ॲडमिन पासवर्डची चिंता नको, विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरला तो लागत नाही.

आज रात्री मागच्या पोर्टाला लावा आणि कोणता कोड दिसतो तो आकडा लिहा. मी उद्या सकाळी बघतो.