घरी शिकवलं तर पोलीस येतात का?

"मॅडम, उद्या कुणी तक्रार केली तर आम्हाला अटक होईल का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबांनी विचारलं. हातात शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठीचा अर्ज होता, सही केलेला, पण अजून शाळेत न दिलेला. सोबत इंटरनेटवरून छापलेली चार पानं. चाळली, तर अमेरिकेतल्या एका राज्याचे घरशाळेचे, म्हणजे मुलाला शाळेऐवजी घरीच शिकवण्याचे, नियम! अधिकाऱ्यांना आधी कळवा, दरवर्षी मूल्यमापन करून घ्या. तिथं राज्यागणिक कायदा वेगळा, जर्मनीत तर घरशाळा जवळपास बंदच. या माणसाने भीतीसुद्धा परदेशातून मागवली होती.

आपल्याकडचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्याच्या कलम १० नुसार पालकांचं कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला या कायद्यात ना दंड, ना कैद. घरशाळेचा तर त्यात उल्लेखच नाही.

"म्हणजे अधांतरीच की," आई म्हणाली.

अधांतरीच. मी ते गोड करून सांगितलं नाही. पण परीक्षेची वाट आहे: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन स्तर आहेत आणि वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. घरी नाहीच जमलं, तर प्राथमिक शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात घ्यायची तरतूद कलम ४ मध्ये आहे.

खरं सांगायचं तर कायद्यापेक्षा मला तो सही केलेला अर्ज जास्त खुपत होता. दाखला काढायची घाई मला कधीच पटत नाही. म्हटलं, आधी सुट्टीत महिनाभर करून बघा. रोज काय शिकवलं, ते तारीख घालून एका वहीत लिहा. पुढे कुणी विचारलंच तर दाखवायला हाताशी काहीतरी असेल. आणि शिकवणार कोण, हेही ठरवा, कारण आतापर्यंत दोघंही 'आपण' म्हणत होते आणि बघत होते एकमेकांकडे.

महिन्याने ते वही घेऊन आले. पहिलं पान बाबांच्या अक्षरात होतं. वर तारीख, खाली एकच ओळ: 'भागाकार. मला समजावता आला नाही.'

अर्ज अजून त्यांच्या घरीच आहे.