गोल्डविंगची ट्रायक करताना मागे सॉलिड ॲक्सल घ्यावा की इंडिपेन्डन्ट सस्पेन्शन?

तुम्ही विचारलंय की २०१५ ची गोल्डविंग (होंडाची लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल) आहे, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गाडी विकवत नाही म्हणून मागे दोन चाकं बसवून तिची ट्रायक, म्हणजे तीन चाकी, करायची आहे. तर मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) की इंडिपेन्डन्ट (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं), पुढचा रेक (पुढच्या फोर्कचा कल) बदलावा का, आणि हे सगळं जोडायचं किट कुणाचं घ्यावं. मग अगदी शेवटी, जाता जाता, ‘बायको मागे बसते.’

मी मागे बसणारी बायको आहे. तुमची नव्हे, दुसऱ्या एकाची. त्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसले.

इंडिपेन्डन्ट घ्या.

आम्ही अमेरिकेत, व्हर्जिनियात रोआनोकजवळ राहतो. ब्लू रिज पार्कवे हा डोंगरातला वळणावळणांचा रस्ता इथूनच जातो, त्यामुळे गोल्डविंग घरात आली आणि शनिवार-रविवार तिचे झाले. पुढे नवऱ्याची कंबर गेली. चारशे किलोंच्या वरची गाडी, त्यावर आम्ही दोघं आणि डिक्क्या भरून सामान. सिग्नलला पाय टेकताना त्याचं तोंड कसं व्हायचं ते मला आरशात दिसायचं. ट्रायक करायचं ठरलं, आणि सल्ला द्यायला माझे धाकटे दीर हजर झाले. भाऊजी स्वतः दोन चाकांची हार्ले चालवतात, त्यामुळे तीन चाकांबद्दल त्यांना सगळं माहीत असतं. आमच्या मंडळाच्या गणपतीत ‘दादाची रिक्षा कधी येणार’ हा विनोद त्यांनीच सुरू केला.

त्यांचं म्हणणं असं, की सॉलिड ॲक्सल दणकट, त्यात बिघडण्यासारखं काही नाही, पैसेही कमी लागतात. मी फक्त एवढंच विचारलं की मागे बसणाऱ्याला कसं वाटतं. तर म्हणाले, “वहिनी, मागे बसून तुम्हाला सस्पेन्शनचं काय कळणार? तुम्ही फोटो काढा.” सगळे हसले. नवराही हसला. त्याचा हिशेब वेगळा झाला, तो इथे नको.

आता मागे बसून काय कळतं ते सांगते. दोन चाकांची गाडी वळणात झुकते, तिच्याबरोबर आपणही झुकतो, त्यामुळे सगळा जोर सीटमधून सरळ खाली जातो. ट्रायक झुकत नाही. म्हणून प्रत्येक वळणात अंग बाहेरच्या बाजूला ढकललं जातं. चालवणाऱ्याच्या हातात हॅन्डल असतं आणि वळण त्याला आधीच दिसतं. मागच्या माणसाला समोर दिसतं ते हेल्मेट. एवढं कुठल्याही किटमध्ये होणारच, त्यावर उपाय म्हणजे चांगले आर्मरेस्ट. त्यावर कंजूषपणा करू नका. सॉलिड ॲक्सलमध्ये याच्यावर आणखी एक भर पडते. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, म्हणजे उजवं चाक खड्ड्यात गेलं की अख्खा दांडा तिरका होतो आणि त्याच्यावरची बॉडीही. चालवणारा त्या दांड्यापासून बराच पुढे असतो. मागे बसणारी जवळजवळ त्याच्या डोक्यावर. आणि खड्डा चुकवायचा म्हणाल तर तीन चाकांच्या तीन वाटा. एक चुकवला की दुसरं चाक त्यात.

भाऊजींच्या एका मित्राकडे सॉलिड ॲक्सलवाली ट्रायक होती. ती एका रविवारी मागून आणली. नवरा चालवायला, मी मागे. आमच्याकडे एक रेल्वे फाटक आहे, जिथे रूळ रस्त्याला तिरके जातात. तिरके म्हणजे मागची दोन चाकं रुळावर एकदम चढत नाहीत, एकामागून एक चढतात. मान आधी डावीकडे, मग उजवीकडे, दुसऱ्या रुळावर परत तेच. फाटकापलीकडे नवरा म्हणतो, “बरी आहे की गं.” त्याला खरंच बरी वाटली होती! माझं डोकं ठणकत होतं.

घरी आलो, मी उतरले आणि भाऊजींना म्हटलं, “बसा मागे. फोटो काढा.” आढेवेढे घेतले, पण मुलं बघत होती म्हणून बसले. एवढा धिप्पाड माणूस, थोरल्या भावाच्या मागे. परत आले तेव्हा दोन्ही हात भावाच्या जॅकेटला होते. उतरल्यावर पहिलं वाक्य काय, तर “टायरमध्ये हवा जास्त आहे.”

गंमत म्हणजे हवा जास्तच होती. या गाड्यांना मागे कारचे टायर असतात, आणि टायरवाला सवयीने कारइतकी, बत्तीस-पस्तीस भरून देतो. ट्रायकच्या मागच्या चाकांवर कारएवढं वजन नसतं, किट बनवणारे बरीच कमी हवा सांगतात. त्यांच्या पुस्तकातला आकडा बघा आणि टायरवाल्याच्या डोक्यावर उभे राहा. हवा उतरवल्यावर दणके कमी झाले, हे मान्य. डोलणं गेलं नाही. भाऊजी आजही म्हणतात की तो टायरचाच प्रश्न होता. त्यांना परत मागे बसायला बोलावलं की त्यांना काम निघतं.

रेकचंही तेच. त्यांच्या मते तो पैसे उकळायचा धंदा. दोन चाकांवर गाडी सरळ राहावी म्हणून पुढे जो ट्रेल (हॅन्डलच्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे भिडते, तिथून चाक जेवढं मागे टेकतं ते अंतर) ठेवलेला असतो, तो ट्रायकला नको तेवढा होतो आणि हॅन्डल जड लागतं. ट्रायक हॅन्डल फिरवूनच वळते, झुकवून नाही, त्यामुळे प्रत्येक वळण दंडातून निघतं. रेक किटने ट्रेल कमी होतो. पार्कवे ४६९ मैलांचा आहे आणि त्यात सरळ रस्ता शोधावा लागतो. तिथे एक दिवस काढा, मग धंदा कुणाचा ते ठरवा. हे मी ऐकीव सांगत नाही. व्हर्जिनियात तीन चाकांसाठी एम-थ्री असा वेगळा परवाना मिळतो, तो मी काढला. सांगलीत कॉलेजला चेतक चालवलेली, क्लच-गिअरचं काही नवं नव्हतं. मित्राची रेक नसलेली आणि आमची रेकवाली, दोन्ही चालवल्यात. पहिलीवरून उतरल्यावर पोळ्या लाटवल्या नसत्या.

किट कुणाचं, यात मी पडत नाही. आमच्या राज्यात ॲरिंग्टनला कॅलिफोर्निया साइडकार आहे (नाव कॅलिफोर्निया, कारखाना व्हर्जिनियात), केंटकीत हॅनिगन. नावापेक्षा बसवणारा मेकॅनिक बघा, आणि बेअरिंग, ब्रेक पॅड साध्या दुकानात मिळतात का ते विचारा. लेहमन या ट्रायक कंपनीने एके काळी हार्लेसाठी ट्राय ग्लाइड ही ट्रायक बनवली. हार्लेने ते काम स्वतःकडे घेतलं आणि पुढे लेहमन दुसऱ्याच्या हातात गेली. या धंद्यात असं होतं, पार्ट मात्र तुम्हाला लागणारच.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही. एकटेच फिरत असाल आणि बहुतेक इंटरस्टेटवर, म्हणजे मोठ्या हायवेवर, तर सॉलिड ॲक्सल वाईट नाही, चांगला स्वे बार (वळणात गाडीचं डोलणं कमी करणारी दांडी) असला की चालून जातं. गाडीचं मूळ मागचं चाक तसंच ठेवून बाजूला दोन चाकं जोडायचं किटही मिळतं. स्वस्त पडतं, आणि गाडी विकताना काढून ठेवता येतं. स्पायडरबद्दल (कॅन-ॲमची पुढे दोन चाकं असलेली तयार तीन चाकी) कुणीतरी सांगेलच. ती चांगली आहे, पण तुमची गोल्डविंग विकवत नाही ना?

तुमचा गुडघा डावा आहे, आणि हे मी खरं तर आधी लिहायला हवं होतं. ट्रायक केल्याने गाडी तोलून धरायचं काम जातं, गिअर टाकायचं नाही. तो डाव्या पायानेच पडतो, आणि गोल्डविंगला डीसीटी (पायाने गिअर न टाकता चालणारा ऑटोमॅटिक) आलं २०१८ पासून, तुमच्या गाडीत ते नाही. डॉक्टरांना पायाची नेमकी ती हालचाल करून दाखवा. रिव्हर्स तुमच्या गाडीत स्टार्टर मोटरवर चालतो, किटचं वजन वाढल्यावर चढावर मागे घेताना तो दमतो, तेव्हा पार्किंग बघून करा. गॅरेजचं दार मोजा, शेजारी कार उभी असताना.

आणि थांबताना पाय खाली टेकायची सवय मोडा. दोन चाकांवर वर्षं काढलेला माणूस सिग्नल दिसला की पाय काढतो, मागून रुंद चाक येतं आणि टाचेवर चढतं. ऑपरेशन झालेल्या पायाचं तर बघायलाच नको. सुरुवातीला रिकाम्या पार्किंगमध्ये थांबा-निघा एवढंच करा, आणि मागे बसणारीला एक काम द्या. मी दर सिग्नलला “पाय वर!” म्हणून ओरडायचे. अजूनही ओरडते.