‘वन नाइट इन मायामी’ हा चित्रपट कितपत खरा आहे? चौघं एका खोलीत नुसते बोलत बसतात म्हणे, तरी बघावा का?

नक्की बघा. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत, खरेपणाची आणि कंटाळ्याची. खरेपणाची आधी घेतो, कारण मला स्वतःला हा चित्रपट दुसऱ्यांदा बघताना जास्त कळला आणि त्याचं कारण मधल्या काळात त्या रात्रीच्या आगेमागे वाचलेल्या तारखा.

रात्र खरी आहे. 25 फेब्रुवारी 1964. मायामी बीचच्या कन्व्हेन्शन हॉलमध्ये 22 वर्षांच्या कॅशियस क्लेनं, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीनं, बॉक्सिंगमधल्या जगज्जेत्या सनी लिस्टनला हरवलं. सातव्या फेरीची घंटा झाली आणि लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. क्ले जिंकेल असं जवळजवळ कुणालाच वाटत नव्हतं. पैजेचा भाव त्याच्या विरुद्ध 7 ला 1 होता आणि निम्मं सभागृह रिकामं होतं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा नेता माल्कम एक्स, गायक सॅम कुक आणि अमेरिकन फुटबॉलचा त्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू जिम ब्राउन हे तिघंही तिथे होते. जिंकल्यावर क्लेनं सॅमला रिंगमध्ये बोलावून घेतलं, हेही खरं. नंतर चौघं हॅम्प्टन हाउस नावाच्या मोटेलवर जमले. दारू नाही, नाचगाणं नाही, व्हॅनिला आइस्क्रीम होतं.

मोटेल तेच का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. मायामी बीचवरची हॉटेलं काळ्या माणसाला खोली देत नव्हती. क्ले सराव करायचा बीचवरच्या जिममध्ये, पण मुक्कामाला खाडी ओलांडून काळ्यांच्या वस्तीत जायचा. असा भेदभाव बेकायदा ठरवणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही झाली ती 2 जुलै 1964 ला, म्हणजे त्याला अजून चार महिने होते. जगज्जेता झाल्यावरही त्या पोराला पाहुणे घेऊन बसायला शहराच्या त्याच बाजूला यावं लागलं. हॅम्प्टन हाउसची पुढे पार पडझड झाली होती. आता ते दुरुस्त करून तिथे सांस्कृतिक केंद्र केलंय.

खोलीतलं बोलणं मात्र बहुतेक सगळं लेखकाचं आहे. केम्प पॉवर्स आधी पत्रकार होते. हे चौघं त्या रात्री एकत्र होते एवढ्या एका धाग्यावर त्यांनी नाटक लिहिलं, ते 2013 मध्ये लॉस एंजेलिसला उभं राहिलं, पुढे लंडनलाही झालं. पटकथाही त्यांचीच. दिग्दर्शन रेजिना किंगचं. अभिनेत्री म्हणून ऑस्कर मिळवलेल्या या बाईचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. 2020 च्या व्हेनिस महोत्सवात तो दाखवला गेला आणि जानेवारी 2021 मध्ये प्राइमवर आला.

आता कंटाळ्याचं. मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं प्रकाशयोजना करतोय, त्यामुळे नाटकाचा सिनेमा केला म्हटलं की मला धाकधूकच वाटते. एक तर नाटक जसंच्या तसं चित्रित करतात आणि पात्रं शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी बोलल्यासारखी बोलत राहतात, नाहीतर भीतीपोटी प्रत्येक प्रसंग ओढून बागेत, रस्त्यावर, समुद्रावर नेतात. नाटकात पात्राला खोलीबाहेर जाता येत नाही, तेच तर त्याचं बळ असतं. रेजिना किंगनं ते ओळखलंय. खोलीत जाण्याआधी तिनं चौघांचा एकेक प्रसंग दिलाय. त्यानंतर चौघं एकदा गच्चीवर जातात, कुणी गाडीत जाऊन बसतं, माल्कम फोन करायला बाहेर पडतो. पण दरवेळी परत त्याच चार भिंतींत यावं लागतं आणि आत आल्यावर खोली आधीपेक्षा लहान वाटते.

सुरुवातीच्या त्या चार प्रसंगांतला जिम ब्राउनचा प्रसंग मी कधी विसरणार नाही. जॉर्जियातलं सेंट सायमन्स बेट, जिमचं बालपणीचं गाव. नावारूपाला आलेला जिम ओळखीच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाला भेटायला येतो. पांढरं मोठं घर, खांबांचा व्हरांडा. म्हातारा खुशीत त्याला खुर्ची देतो, सरबत मागवतो, आपल्या गावाचं नाव काढलंस म्हणून तोंड भरून कौतुक करतो, कधी काही लागलं तर सांग म्हणतो. तेवढ्यात घरातली मुलगी येऊन म्हणते, आत एक जड सामान हलवायचंय. जिम साहजिकच उठतो, मी मदत करतो म्हणतो. म्हातारा त्याच हसऱ्या चेहऱ्यानं, आवाजात जराही फरक न करता, काळ्या माणसाला घालायची ती शिवी उच्चारून सांगतो, तुला माहीतच आहे, आम्ही त्यांना घरात घेत नाही. आणि आत निघून जातो. जिम व्हरांड्यात तसाच उभा.

त्या म्हाताऱ्याच्या मनात राग नाही, हेच फार अंगावर येतं. त्याचं कौतुक खोटं नाही आणि उंबरठाही खोटा नाही. दोन्ही एकाच माणसात शेजारी शेजारी सुखानं नांदतायत. माझ्या आजोळी शेतावरच्या गड्याचा कप वेगळा, बाहेर वळचणीला खोचलेला असायचा. त्याला चहा मात्र अगदी प्रेमानं विचारला जायचा. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन आणि मला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. हा प्रसंग बघताना तो कप डोळ्यांपुढे आला. चित्रपट थांबवून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

तर खोलीतलं भांडण. ते मुख्यतः माल्कम आणि सॅम यांचं आहे. माल्कमचं म्हणणं, तुझ्या गळ्यात एवढी ताकद आहे आणि तू गोऱ्यांना आवडतील अशी गुळगुळीत प्रेमगीतं गात बसलायस. तो बॉब डिलनची रेकॉर्ड लावतो. मिनेसोटातला एक गोरा पोरगा आपल्या लढ्याबद्दल गातो आणि तू गप्प, असा त्याचा आरोप. सॅम पैशाच्या भाषेत उत्तर देतो. त्याची स्वतःची रेकॉर्ड कंपनी आहे, गाण्यांचे हक्क त्याच्याकडे आहेत, तो काळ्या गायकांना उभं करतो. त्याच्या कंपनीतल्या पोरांचं गाणं रोलिंग स्टोन्सनं गायलं, ते वर गेलं, आणि ते वाजेल तितके पैसे ते लिहिणाऱ्या बॉबी वोमॅकच्या घरी येतात. सगळे मिठाईतला आपल्या वाट्याचा तुकडा मागतायत, मला तर ती बनवायची कृतीच हवी, असा त्याचा रोख.

इथे लेखकानं कुणालाही जिंकू दिलेलं नाही आणि मला ते फार मोलाचं वाटतं. माल्कमचं प्रत्येक वाक्य बरोबर आहे आणि ते बोलण्याची रीत मात्र समोरच्याला ओरबाडणारी. सॅमचा हिशेब पक्का आहे, पण तो देताना त्याचा आवाज चढतो, म्हणजे कुठेतरी लागलंय. लेस्ली ओडम ज्युनियर (सॅम) आणि किंग्सली बेन-आदिर (माल्कम) या दोघांनी हे असं केलंय की आपण दर पाच मिनिटांनी बाजू बदलतो. जिम मध्ये पडून माल्कमच्या फिकट रंगावर बोट ठेवतो, तो प्रसंगही नीट ऐका. आपापसात बोलायच्या गोष्टी आहेत त्या, बाहेरच्यासमोर कुणी बोलत नाही.

आणि आता त्या तारखा. स्टोन्सचं ते गाणं आलं जून 1964 मध्ये, म्हणजे सॅमला फेब्रुवारीत तो हिशेब मांडता आलाच नसता. ही चूक मी सोडून देतो, मुद्दा सॅमच्या धंद्याला धरूनच आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला दिसणारा, न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या नाइटक्लबमधला त्याचा पडलेला कार्यक्रमही प्रत्यक्षात 1958 चा, तोही सोडून देऊ. तिसरी तारीख मात्र सोडता येत नाही. चित्रपटाच्या शेवटाकडे सॅम टीव्हीवर ‘अ चेंज इज गॉना कम’ गातो आणि क्रम असा लावलाय की बघणाऱ्याला वाटावं, माल्कमनं टोचलं, म्हणून सॅमला कंठ फुटला. प्रत्यक्षात ते गाणं 30 जानेवारीला ध्वनिमुद्रित झालं होतं आणि 7 फेब्रुवारीला सॅमनं ते टीव्हीवर जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात गायलं होतं. त्या रात्रीच्या 18 दिवस आधी.

त्यामागचा प्रसंग ऑक्टोबर 1963 चा. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला सॅमनं फोन करून हॉटेलात खोली राखून ठेवली होती. तो बायकोला घेऊन पोचला तेव्हा काउंटरवरच्या माणसानं चेहरा बघून खोली नाही म्हणून सांगितलं. सॅम भडकला, आरडाओरडा केला, बायको चल म्हणत होती तरी हलेना. निघताना गाडीचा भोंगा वाजवत राहिला आणि पुढे पोलिसांनी त्याला शांतता भंगाच्या नावाखाली पकडलं. डिलनचं गाणं ऐकून तो अस्वस्थ झालेला होताच. या दोन्हींतून ते गाणं आलं. दुर्दैव असं की कार्सनच्या त्या कार्यक्रमाची टेप आज मिळत नाही, आणि दोनच दिवसांनी, 9 फेब्रुवारीला, बीटल्स अमेरिकन टीव्हीवर आले आणि सगळा देश दुसरीकडेच बघायला लागला. पुढे हे गाणं सुटी रेकॉर्ड म्हणून काढताना त्यातलं नेमकं एक कडवं गाळलं गेलं, सिनेमाला आणि बाजाराच्या भागात गेलो तर कुणीतरी इथे घुटमळू नकोस म्हणतं, असं सांगणारं.

आता हे डोक्यात ठेवून खोलीतलं भांडण पुन्हा बघा. माल्कम ज्याला गप्प बसल्याबद्दल झापतोय, त्यानं तोंड उघडून झालंय.

दुसरी गोष्ट क्लेची, म्हणजे माल्कमच्या शिष्याची. माल्कमला त्याच्या संघटनेनं, नेशन ऑफ इस्लाम या काळ्या मुस्लिमांच्या संघटनेनं, डिसेंबर 1963 पासून जाहीरपणे बोलायला बंदी केली होती. एलायजा मुहम्मद या आपल्या गुरूवरून त्याचा विश्वास उडाला होता आणि बाहेर पडण्याची तयारी चालली होती. चित्रपटात तो हे क्लेला त्या रात्री सांगतो, माझ्यासोबत ये म्हणतो, आणि क्लेला धक्का बसतो, फसवल्यासारखं वाटतं. जिम ब्राउननं पुढे सांगितलेली आठवण वेगळी आहे. त्याच रात्री क्लेनं त्याला बाजूच्या खोलीत नेलं आणि सांगितलं, मला माल्कमला सोडावं लागणार आहे, मी एलायजा मुहम्मदच्या बाजूनं राहणार. म्हणजे शिष्याचा निर्णय झालेला होता. 6 मार्चला एलायजानं त्याला मुहम्मद अली हे नाव दिलं, 8 मार्चला माल्कमनं बाहेर पडल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात घानामध्ये, आक्रा शहरात, दोघं योगायोगानं समोरासमोर आले तेव्हा अलीनं त्याच्याकडे पाठ फिरवली. म्हातारपणी त्यानं लिहिलं की माल्कमकडे पाठ फिरवणं ही आयुष्यातली सगळ्यात जास्त खंत वाटणाऱ्या चुकांपैकी एक.

तेव्हा मला विचाराल तर खरी रात्र चित्रपटातल्या रात्रीपेक्षा जास्त एकाकी होती. नाटककारानं माल्कमला थोडी सावली दिली आहे. त्याच्या बोलण्याचा सॅमवर परिणाम होऊ दिला आहे, क्लेचं मन अजून झालेलं नाही असं ठेवलंय. एका खोलीत दीड-दोन तास काहीतरी घडायचं तर हे करावंच लागतं, नाटक लिहिणाऱ्या कुणालाही ते पटेल. मी त्याला खोटेपणा म्हणणार नाही. पण सॅमबद्दल मला वाईट वाटतं. त्याचं गाणं त्याच्या स्वतःच्या अपमानातून आलं होतं, कुणाच्या बोलण्यातून नाही, आणि जगभरचे प्रेक्षक आता ते माल्कमच्या खात्यावर जमा करतील.

जिमबद्दल थोडक्यात: तो त्या खोलीत सगळ्यात कमी बोलतो, पण 1967 मध्ये अलीनं व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला तेव्हा क्लीव्हलंडला काळ्या खेळाडूंना एकत्र आणून त्याच्या पाठीशी उभं केलं ते जिमनंच. 2023 मध्ये तो गेला, चौघांतला शेवटचा. सॅमला 11 डिसेंबर 1964 ला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये गोळी लागली, तो 33 वर्षांचा होता. माल्कमला 21 फेब्रुवारी 1965 ला न्यूयॉर्कमध्ये भर सभेत मारलं. त्या रात्रीला वर्ष व्हायला चार दिवस कमी होते.

चित्रपट झाल्यावर एक छायाचित्र शोधून बघा, बॉब गोमेल यांनी त्याच रात्री काढलेलं. खाण्याच्या काउंटरशी क्ले बसलाय, गळ्यात बो टाय, आणि काउंटरच्या पलीकडे माल्कम उभा. त्याच्या हातात कॅमेरा आहे. त्याला फोटो काढायची हौस होती, चित्रपटातही ते आलंय. तो क्लेचा फोटो घेतोय, आणि हसतोय.